‘अचानक’ कुणाला वाटलं? पालकांनी भरलेल्या एका सर्वेक्षणाची उलटतपासणी

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. जेवलीस का, थीसिस कधी संपणार वगैरे नेहमीचं झालं आणि मग आवाज बारीक करून ती म्हणाली, “तू संशोधन करतेस ना, मग मला एक सांग. व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय ते खरं आहे का?”

मेसेज लांबलचक होता. सार असं की, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने सिद्ध केलंय, वयात येणाऱ्या मुलींना ‘आपण मुलगा आहोत’ असं अचानक वाटायला लागतं, हे मैत्रिणींकडून आणि मोबाइलमधून पसरतं, आणि पालक कडक राहिले की आपोआप उतरतं. शेवटी ‘प्रत्येक आईबापाने वाचावं आणि पुढे पाठवावं’.

मावशीच्या घरात नववीतलं एक लेकरू आहे. त्याच्याबद्दल मी इथे एवढंच लिहिणार आहे, कारण हे लिहायला मी मावशीची परवानगी घेतली आहे, त्या लेकराची घेतलेली नाही.

मेसेजमध्ये कुणाचं नाव नव्हतं. पण तिसऱ्या-चौथ्या हाताने आपल्यापर्यंत पोचलेला हा पेपर कुठला, ते ओळखायला वेळ लागला नाही. माझ्या पीएचडीचा विषय आहे मोठ्यांनी लहानांच्या वतीने दिलेली उत्तरं. आरोग्याच्या, शिक्षणाच्या सर्वेक्षणांत मुलाबद्दलचा प्रश्न आईला किंवा वडिलांना विचारतात, त्या उत्तरावर किती विसंबायचं, हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे हा पेपर मी दोनदा वाचला होता. मावशीसाठी तिसऱ्यांदा वाचला. ही पोस्ट त्या वाचनातून आलेली.

पेपर काय आहे?

लिसा लिटमन या डॉक्टर-संशोधिका तेव्हा ब्राउन विद्यापीठात होत्या. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात त्यांचा पेपर आला. जेंडर डिस्फोरिया म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारा लिंगभाव यांचा मेळ न बसल्याने होणारी तीव्र घुसमट. हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आहे. लिटमन यांनी त्याचा एक नवा प्रकार सुचवला, रॅपिड ऑनसेट जेंडर डिस्फोरिया. म्हणजे लहानपणी काही खूण नसताना किशोरवयात किंवा त्यानंतर अचानक उद्भवणारी घुसमट. हा प्रकार त्या सूचीत नाही. तो एक तर्क होता आणि पेपरचं काम तो तर्क मांडण्याचं होतं.

माहिती आली ती २५६ पालकांनी भरलेल्या ऑनलाइन प्रश्नावलीतून. ९० प्रश्न होते. ज्यांच्याबद्दल उत्तरं दिली गेली त्या मुलांपैकी ८२.८ टक्के जन्मावेळी मुलगी म्हणून नोंदलेली होती आणि सर्वेक्षणाच्या वेळी त्यांचं सरासरी वय १६.४ वर्षं होतं. ८६.७ टक्के पालकांनी सांगितलं की या बदलाच्या सुमारास मुलाचा इंटरनेटचा वापर वाढला होता, किंवा मित्रमंडळात आणखी कुणी स्वतःला ट्रान्स म्हणवू लागलं होतं, किंवा दोन्ही. ६२.५ टक्के मुलांना आधीपासून मानसिक आरोग्याचं किंवा मेंदूच्या वाढीशी संबंधित असं किमान एक निदान झालेलं होतं, हीही पालकांनीच दिलेली माहिती.

‘संसर्ग’, ‘मोबाइल’, ‘मुली’ हे सगळं इथून आलं. ‘कडक राहिलं की उतरतं’ हे मात्र पेपरात कुठेच नाही. ते वाटेत कुणीतरी पदरचं घातलंय.

पहिली शंका: पालक सापडले कुठे?

सर्वेक्षणाची माहिती सुरुवातीला तीन वेबसाइटींवर टाकली गेली. या तिन्ही जागा अशा, की जिथे मुलांच्या ट्रान्स असण्याबद्दल साशंक असलेले पालक आणि व्यावसायिकच जमतात. तिथून एकाने दुसऱ्याला कळवायचं, अशा साखळीने ती पुढे गेली. मुलांना पाठिंबा देणाऱ्या पालकांच्या एका फेसबुक गटातही ती पोचली होती, हेही सांगायला हवं. पण मुख्य झरा कुठला होता ते स्पष्ट आहे.

शिवाय आवाहनातच विचारलं होतं की तुमच्या मुलात १० ते २१ या वयात अशी घुसमट अचानक किंवा झपाट्याने सुरू झाली का? तसं असेल तर प्रश्नावली भरा. म्हणजे ज्यांना ‘अचानक’ वाटलं त्यांनाच बोलावलं आणि मग निष्कर्षात ‘अचानक’ सापडलं. एखाद्या हॉटेलात जेवून पोट बिघडलेल्यांच्या गटात जाऊन ‘तुमचं पोट बिघडलं का?’ विचारण्यासारखं आहे हे. तक्रार खोटी असते असं नाही. पण त्यावरून त्या हॉटेलात जेवणाऱ्या किती जणांचं पोट बिघडतं ते कळत नाही, आणि बिघडलं ते त्याच जेवणाने की आणखी कशाने, तेही कळत नाही.

लिटमन यांच्या बाजूने दोन गोष्टी. एक, नवा तर्क मांडण्यासाठी असा निवडक नमुना घेणं संशोधनात अगदीच निषिद्ध नाही. दोन, हे पालक सरसकट कर्मठ होते असंही नाही. ८५ टक्क्यांहून जास्त जणांनी समलिंगी जोडप्यांच्या विवाहाच्या हक्काला पाठिंबा असल्याचं सांगितलं होतं. पण तर्क मांडणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. मार्च २०१९ मध्ये नियतकालिकाने पेपराची दुरुस्ती छापली. शीर्षक बदलून त्यात ‘पालकांना तसं जाणवलं’ अशा अर्थाचे शब्द आले आणि हे औपचारिक निदान नाही हे स्पष्ट लिहिलं गेलं. आकडे तेच राहिले, फक्त ते कशाबद्दलचे आहेत हे नीट सांगितलं गेलं. मावशीपर्यंत मूळ शीर्षकाची हवा पोचली, दुरुस्ती पोचली नाही.

दुसरी शंका: मुलांना कुणी विचारलं?

कुणीच नाही. २५६ कुटुंबांतल्या एकाही मुलाचं उत्तर या पेपरात नाही.

इथे माझ्या विषयातला एक जुना पेपर आठवतो. १९८७ मध्ये आकेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र करून पाहिलं की एकाच मुलाच्या वागणुकीबद्दल आणि भावनांबद्दल वेगवेगळ्या लोकांची उत्तरं किती जुळतात. आई आणि वडील यांच्यासारख्या, मुलाशी सारखंच नातं असलेल्या दोघांच्या उत्तरांतला सहसंबंध सरासरी ०.६० होता. मूल स्वतःबद्दल सांगतं ते आणि मोठी माणसं त्याच्याबद्दल सांगतात ते, यांच्यातला फक्त ०.२२. (१ म्हणजे तंतोतंत जुळणी, ० म्हणजे काहीच संबंध नाही.) आईवडील खोटं बोलतात असा याचा अर्थ नाही. मूल जेवलं का, भांडलं का, शाळा बुडवली का, हे आईला दिसतं. त्याच्या मनात काय चाललंय ते त्याने सांगितलं तरच कळतं. आणि लिंगभाव ही पूर्णपणे मनातली गोष्ट. ती ओठांवर येईपर्यंत घरातल्यांच्या लेखी नसतेच.

म्हणजे ‘अचानक’ हा शब्द नेमका कुणाच्या घड्याळावर बेतलाय, हे पाहायला हवं. सांगणाऱ्याच्या की ऐकणाऱ्याच्या?

याचं एक उत्तर २०२३ च्या एका अभ्यासात मिळतं. टर्बन आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या अमेरिकी ट्रान्सजेंडर सर्वेक्षणातल्या २७,४९७ प्रौढांची माहिती पाहिली. आपला लिंगभाव वेगळा आहे हे दहा वर्षांच्या आतच जाणवलं असं सांगणारे ५९.२ टक्के होते. या लोकांनी ते पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं, त्याला मधे किती काळ गेला? मध्यक १४ वर्षं. आणि ते पहिलं माणूस आई किंवा वडीलच असतील असंही नाही. आता त्या घरातल्या आईच्या जागी जाऊन बघा. कालपर्यंत काही नव्हतं आणि आज एकदम हे. तिच्यासाठी ते खरोखरच अचानक आहे. ती खोटं सांगत नाहीये. तिच्या आश्चर्याची नोंद आपण मुलाच्या आयुष्याची नोंद म्हणून वाचतोय, चूक तिथे आहे.

मराठी घरात तर हा क्षण लपवायलाही जागा नसते. इंग्रजीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ एकच. आपल्याकडे दारातून आत येताना क्रियापदातच निवड करावी लागते. (कोल्हापूरकडच्या मुलींच्या तोंडी ‘मी आलो’ सर्रास असतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, ते सोडा.) मनात वर्षानुवर्षं एक क्रियापद आणि तोंडावर दुसरं, असं चालू असतं. एक दिवस मनातलं क्रियापद जेवणाच्या ताटावर निसटतं आणि घरात सगळ्यांचे हात थांबतात.

हीच चाळणी दुसऱ्या बाजूलाही

आता कुणी म्हणेल, तू बाजू घेऊनच वाचतेयस. रास्त आहे. म्हणून मला आवडणारे अभ्यासही याच चाळणीतून काढते.

टर्बन यांचा अभ्यास प्रौढांच्या आठवणींवर उभा आहे. आठवणी आजच्या ओळखीप्रमाणे आकार घेतात. शिवाय ज्यांना पुढे तसं वाटेनासं झालं ते लोक त्या सर्वेक्षणात आलेच नसणार. आणि उरलेल्या सुमारे ४१ टक्क्यांना हे दहा वर्षांनंतर जाणवलं, म्हणजे उशिरा जाणवणं हेही काही जगावेगळं नाही.

कॅनडातल्या दहा दवाखान्यांतल्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास बाउअर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये छापला. यात १७३ मुलांची स्वतःची उत्तरं होती. आपली ओळख अलीकडेच उमगली असं सांगणाऱ्यांमध्ये मानसिक तक्रारी किंवा ऑनलाइन ट्रान्स मित्रमंडळींचा आधार जास्त असायला हवा होता, लिटमन यांच्या तर्कानुसार. तसं काही आढळलं नाही. पण दवाखान्यापर्यंत पोचणारी मुलं ही बहुतेक अशा घरांतली, जिथे कुणीतरी त्यांना घेऊन गेलं. लिटमन यांचे पालक त्या रांगेत फारसे नसणार. त्यामुळे एका अभ्यासाने दुसरा पूर्ण खोडला असं मी म्हणणार नाही.

क्रिस्टिना ओल्सन यांच्या २०२२ च्या अभ्यासात लहानपणीच नाव, कपडे, संबोधन बदललेल्या ३१७ मुलांपैकी ९४ टक्के मुलं पाच वर्षांनंतरही स्वतःला ट्रान्स मुलगा किंवा ट्रान्स मुलगीच म्हणवत होती. हा आकडाही खूप फिरतो. पण तीही स्वेच्छेने आलेली, पाठिंबा देणारी कुटुंबं होती. प्रत्येक घरातल्या प्रत्येक मुलाबद्दल तो काही सांगत नाही.

२०२३ मध्ये तर १,६५५ पालकांच्या उत्तरांवर आधारलेला, लिटमन यांच्याच तर्काचा आणखी एक पेपर आला आणि तीन महिन्यांत मागे घेतला गेला. कारण संमतीचं होतं, माहिती देणाऱ्यांची संशोधनासाठी रीतसर संमती घेतलेली नव्हती. त्या वादात पालकांच्या संमतीवर खूप लिहिलं गेलं. ज्या १,६५५ मुलांचं आयुष्य त्यात मांडलं होतं त्यांच्या संमतीचा विषय मला तरी फार कुठे वाचायला मिळाला नाही.

एक गोष्ट वेगळी ठेवते. औषधं, हार्मोन्स, वयात येणं लांबवणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनं कधी आणि कुणाला द्यायची, हा स्वतंत्र प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये हिलरी कॅस यांच्या समितीने एप्रिल २०२४ च्या अहवालात त्याबद्दलचा पुरावा कमकुवत असल्याचं म्हटलं आणि त्यावर डॉक्टरांमध्येच वाद चालू आहे. मी डॉक्टर नाही. पण नववीतलं लेकरू ‘मला या नावाने हाक मारा’ म्हणतं तेव्हा ते इंजेक्शन मागत नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर हे दोन प्रश्न एकाच पिशवीत भरून येतात, म्हणून सांगितलं.

आपल्याकडे उत्तर कोण देतं?

हे सगळं अमेरिकेतलं, आपला काय संबंध? संबंध ‘उत्तर कोण देतं’ एवढ्यापुरता नक्की आहे.

२०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष यांच्याबरोबर ‘इतर’ हा पर्याय होता. देशभरात ४,८७,८०३ माणसांची नोंद ‘इतर’ अशी झाली. त्यातली ५४,८५४ मुलं शून्य ते सहा वयाची. आपल्या लिंगभावाबद्दल दोन वर्षांच्या मुलाने प्रगणकाला काय सांगितलं असेल? काहीच नाही. ते उत्तर घरातल्या मोठ्या माणसाचं आहे. तरी हा आकडा बातम्यांत ‘ट्रान्स मुलं’ म्हणूनच छापला गेला.

२०१९ मध्ये संमत झालेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्याच्या पाचव्या कलमात ओळखपत्रासाठी अर्जाची तरतूद ठेवली. अर्जदार अल्पवयीन असेल तर अर्ज आईवडिलांनी किंवा पालकाने करायचा. ज्या घरात हे ऐकूनच घेत नाहीत, तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी कायद्याचा हा दरवाजा आतून बंद असतो.

आणि शाळा? २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी एक पुस्तिका संकेतस्थळावर टाकली. स्वच्छतागृह, गणवेश, वर्गात मुला-मुलींच्या वेगळ्या रांगा, असे रोजचे विषय त्यात होते. काही दिवसांतच राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेपाचं पत्र पाठवलं आणि पुस्तिका संकेतस्थळावरून गायब झाली. घरात एक आणि शाळेत एक असं परस्परविरोधी वातावरण मिळालं तर मुलांना मानसिक त्रास होईल, हा आक्षेपांतला एक मुद्दा. मुद्दा घटकाभर मान्य करू. पण मग शाळेने घरासारखं व्हायचं की घराने शाळेसारखं, हे ठरवताना ज्यांना तो त्रास होणार त्यांना विचारलं का? लिटमन यांच्या पेपरात आहे तीच रिकामी जागा इथेही आहे.

त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयात वेगळं घडलं. मदुराईहून घर सोडून आलेल्या दोन तरुण मुलींचं प्रकरण होतं. एकमेकींबरोबर राहायचं होतं, घरच्यांनी त्या हरवल्याची तक्रार दिली होती. दोघीही सज्ञान होत्या, प्रश्नही समलिंगी नात्याचा होता, तेव्हा हे आपल्या विषयाचं थेट उदाहरण नाही. पण न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निकाल देण्याआधी आपल्याला या विषयातलं पुरेसं कळत नाही, आपल्याही मनात समाजातलेच पूर्वग्रह आहेत हे उघडपणे मान्य केलं आणि एका मानसशास्त्रज्ञांकडे रीतसर सत्र घेतलं. मग ७ जून २०२१ च्या आदेशात त्यांनी अशा व्यक्तींना ‘बरं’ करण्याचे उपचार थांबवण्याबद्दलही लिहिलं. मोठ्या माणसाने आधी स्वतःचं ‘मला माहीत नाही’ मोजलं आणि मग दुसऱ्याबद्दल बोललं, याचं सरकारी कागदावरचं असं उदाहरण माझ्या वाचनात दुसरं नाही.

मग पालकांचं ऐकायचंच नाही का?

ऐकायचं, पण कशाबद्दल ते ठरवून. लिटमन यांच्या पेपरात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटलेले आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच येत नाहीत. ५७.३ टक्के पालक म्हणाले की मुलाने सांगितल्यापासून आमचं नातं बिघडलं. ४७.२ टक्के म्हणाले की मुलाची मानसिक अवस्था आणखी खालावली. नातं बिघडलं म्हणून अवस्था खालावली, की उलट, की दोन्हीचं कारण तिसरंच काही, हे या पद्धतीने कळू शकत नाही. पण एवढी घरं दुखावलेली आहेत, हे त्यातून नक्की कळतं. पालकांची भीती, गोंधळ, एकटेपण याबद्दलचा पुरावा म्हणून हा पेपर मी जपून ठेवीन. मुलांच्या मनाबद्दलचा पुरावा म्हणून नाही.

मित्रमंडळाच्या आकड्याचंही तसंच. एकाच गटात दोन-तीन मुलं स्वतःला ट्रान्स म्हणतात याचा अर्थ ‘लागण’ असू शकतो, तसाच ‘आपल्यासारखं कुणीतरी शोधलं’ असाही असू शकतो. हॉस्टेलवर गेल्यावर मीही पहिल्या आठवड्यात मराठी बोलणाऱ्या मुली शोधल्या होत्या. मराठी मला त्यांच्याकडून लागली नव्हती.

मावशीला मी हे सगळं सांगितलं, आकडे वगळून. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पण उद्या ते म्हणालं की नाही, चुकलंच माझं, मग?”

मी म्हटलं, मग नाही. चौदाव्या वर्षी चुकायला घर नाही तर कुठे जागा आहे? पुढे काय होईल ते त्यालाही सांगता येणार नाही, मला नाही आणि त्या अमेरिकेतल्या पेपरालाही नाही. तुला इतकंच ठरवायचंय की ते चाचपडत असताना तुझ्याशी बोलत राहील की बोलायचं थांबेल.

“म्हणजे विचारू त्याला?”

“विचार. आणि उत्तर आजच हवं असा हट्ट धरू नकोस.”

परवा तिचा मेसेज आला. विचारलं म्हणे. काय बोलणं झालं ते तिने लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो फॉरवर्ड मात्र तिने पुढे कुणाला पाठवलेला नाही.